बावीस की बत्तीस

रामनगरला सुभेदारांच्या घरी मी भाड्यानं राहायला गेले तेव्हा त्यांनी आधी माझे हात बघितले. गाव कुठलं, घरी कोण असतं, एकटीच राहणार का, असं घरमालक जे विचारतात त्यातलं काहीच विचारलं नाही. मी दोन बॅगा घेऊन पायरीवर उभी होते. त्यांनी बॅगा खाली ठेवायला लावल्या, उजवा हात पुढं करायला सांगितला आणि तळव्याकडं ढुंकूनही न बघता मनगटाकडं बघत राहिले.

"शाळेवर आलाय व्हय?"

"हो. मराठी शाळेत."

"खडू धरायची सवय हाय. मनगट बरं हाय. ऱ्हावा."

एवढ्यावर मला खोली मिळाली. पुढं साडेचार वर्षं मी तिथं राहिले. गाव त्यांना सुभेदार म्हणायचं, मी मामा म्हणायची. फौजेतली त्यांची बहुतेक नोकरी नव्या पोरांना नेमबाजी शिकवण्यात गेली होती. कुणी लढाईच्या गोष्टी विचारल्या तर म्हणायचे, "लढाई मी बगितली न्हाई. लढाईला जाणाऱ्यांचे हात बगितले." बायको वारली होती, मुलगी वास्कोला दिलेली. घरात ते आणि मागच्या पडवीतल्या खोलीत मी.

बोट दाखवलेलं त्यांना खपत नसे. दुकानात काही मागायचं असेल तर ते सबंध तळहातानं दाखवायचे. गप्पांत कुणी दुसऱ्याकडं बोट केलं की हळूच ते बोट धरून खाली करायचे आणि बोलणं जिथं होतं तिथून पुढं चालू. "जिकडं बोट जातंय तिकडं गोळी जात्या," एवढंच एकदा मला सांगितलं. माझ्या वर्गातल्या मुलांना मी फळ्याकडं बोट दाखवून शिकवते हे त्यांना कळलं तेव्हा त्यांनी मला वेताची एक छडी आणून दिली, आणि हिनं मारायचं नाही, फक्त दाखवायचं, असं बजावलं.

सकाळी ते स्वयंपाकघरात चहा करायचे. बशीत कप ठेवून कप काठोकाठ भरायचे आणि एका हातानं बशी धरून अंगण ओलांडून तुळशीपाशी जायचे. बशीत थेंब सांडला तर त्या दिवशी ते आपल्या रिव्हॉल्व्हरला हात लावत नसत. त्यांच्याकडं परवान्याचं बत्तीस बोअरचं जुनं रिव्हॉल्व्हर होतं. रोज ते पुसायचे, रिकामं करून भिंतीवरच्या एका काळ्या ठिपक्यावर धरायचे आणि नुसता चाप ओढायचे. मी पहिल्या महिन्यात घाबरून खोलीतून बाहेरच येत नव्हते. नंतर तो खट् खट् आवाज ऐकूनच मी शाळेची तयारी करू लागले.

रामनगर आहे त्या कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात बंदूक ही नवलाची गोष्ट नाही. रानडुकरं भात खातात म्हणून जुन्या घरांतून एकेक लांब नळीची बंदूक असतेच. पण कमरेला लावायचं लहान हत्यार घेणारे थोडे. वर्षाकाठी दोन-तीन माणसं परवाना मिळवायची आणि मग कुठलं घ्यावं हे विचारायला मामांकडं यायची. कायद्यात बसतील अशी दोनच मापं त्यांच्यापुढं असायची, बावीस नाहीतर बत्तीस. बावीसची गोळी लहान, तिचा हाताला धक्का जवळजवळ नाही. बत्तीसची मोठी, आवाज मोठा, धक्काही मोठा. येणारा प्रत्येक जण मोबाईलवर काहीबाही बघून आलेला असायचा आणि त्याला मोठीच पाहिजे असायची.

मामा म्हणायचे, "पायताण पायाच्या मापानं घेत्यात. बाजारात सगळ्यांत मोठं कुठलं म्हणून कोण इचारतंय व्हय?"

एकदा गणेशगुडीहून एक रिसॉर्टवाले आले. चांगले धिप्पाड, सगळ्या बोटांत अंगठ्या. मामांनी रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर एक नाणं ठेवलं आणि नाणं न पाडता चाप ओढून दाखवा म्हणाले. नाणं पडलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा पडलं. दहा-बारा वेळा झाल्यावर मामांनी हत्यार काढून घेतलं आणि म्हणाले, "सायेब, तुमी कुत्रं पाळा." तो माणूस चहा न पिता गेला. मी मामांना म्हटलं, जरा गोड बोलायला काय होतं. ते म्हणाले, "गोड बोलून त्याचा हात थांबनार हाय का? बाई, नेमाच्या बाबतीत खोटं बोललं की कुनीतरी मरतंय. कोन मरतंय ते आपल्याला ठावं नसतंय, एवढंच."

गुंद गावची अक्का त्यांच्याकडं आली ती मी राहायला गेल्याच्या तिसऱ्या वर्षी. चाळिशीतली असेल. नवरा गेलेला, मूल नाही. भाताची शेती आणि थोडी सुपारीची बाग, आणि घरात थकलेले सासरे. दीर लग्नानंतर वेगळा झाला होता, पण भाऊ गेल्यावर त्याला बाग हवी होती. आधी गवताची गंजी जळाली. मग कुत्रा विष खाऊन मेला. मग एक दिवस दिरानं बांधावर उभं राहून सांगितलं, "पुढची पाळी तुजी." तक्रारी झाल्या. दीड वर्ष खेटे घालून तिच्या भावानं तिला परवाना मिळवून दिला. भावाचं रामनगरात पत्रे-सिमेंटचं दुकान होतं, चार लोकांत वजन होतं. तोच तिला घेऊन आला.

मामांनी हात बघितले. ती कापणीहून आलेली असावी, बोटांना चिरा होत्या. नाणं नळीवर ठेवलं. तिनं चाप ओढला. नाणं जागचं हललं नाही. मामांनी दुसऱ्यांदा ठेवलं, तिसऱ्यांदा ठेवलं. मग माझ्याकडं बघून हसले. त्यांना तसं हसताना मी फार थोड्या वेळा पाहिलं.

"अक्का, कुठं शिकलीस गं?"

"शिकायचं काय त्यात? सुपारी सोलताना अडकित्ता असाच धरायचा असतोय न्हवं."

पुढच्या रविवारी आम्ही बेळगावला गेलो. तिथल्या एका रायफल क्लबात मामांची ओळख होती. पुरुषांत अक्का एकटी नको म्हणून मलाही नेलं. दहा पावलांवर पुठ्ठ्याची थाळीएवढी चकती लावली होती. आधी बावीस दिली. अक्कानं पाच गोळ्या मारल्या आणि पाचही चकतीत. त्यांतल्या तीन इतक्या जवळ की एका रुपयाखाली झाकल्या असत्या. मग बत्तीस दिली. पहिल्या गोळीच्या आवाजानं तिचे खांदे वर आले. दुसरी मारताना तिनं डोळे मिटले ते मलासुद्धा दिसलं. पाचांतली एकही चकतीत नव्हती. सगळ्या हातभर डावीकडं, मागच्या मातीच्या बांधात.

"बावीस," मामा म्हणाले.

भाऊ हसला. "सुभेदार, बावीसनं ससा तरी मरंल का? एवढा परवाना काढला तो पोरखेळाला?"

"लागलेली बावीस चुकलेल्या बत्तीसपरास मोठी."

"मग चुकायचं कशाला? तुमी शिकवा की. एकदा मारून तरी दाखवा तिला, कसं धरायचं ते."

मामा म्हणाले, "चष्मा घरी ऱ्हायला." चष्म्याची डबी त्यांच्या शर्टाच्या खिशात होती. मला ती दिसत होती.

परत येताना अक्का माझ्याशेजारी बसली होती. हळूच म्हणाली, "बाई, ती लहान माज्या हातातली वाटली. मोठी कुणा दुसऱ्याची वाटली." मी म्हटलं, मग भावाला सांग तसं. ती म्हणाली, "त्यानं एवढं केलंय माज्यासाठी. आता हे न्हाई ते न्हाई कुठं म्हणू?"

भावानं बत्तीसच घेतली. मामांना हे कळलं त्या दिवशी ते जेवले नाहीत. पंधरा दिवसांनी अक्का गुंदहून बस बदलत बदलत आली, भाऊ बरोबर नव्हता. नवं हत्यार पिशवीत गुंडाळून आणलं होतं. "मामा, आता घेतलंच हाय. निदान डोळं उघडं ठेवून मारायला शिकवा." मामा दारात उभे होते. म्हणाले, "माझं ऐकायचं नव्हतं तर माझ्याकडं यायचं बी न्हाई," आणि दार लावून घेतलं. ती पायरीवर बसून राहिली. मी तिला माझ्या खोलीत नेऊन चहा दिला. महिन्याभरानं ती पुन्हा आली. तेव्हाही दार उघडलं नाही. आत मामा आहेत हे तिला कळत होतं, कारण आतून खोकल्याचा आवाज येत होता. त्यानंतर ती आली नाही.

मामा हट्टी आहेत, मानी आहेत, असं मी त्या वेळी धरून चालले. गावानंही तेच धरलं.

त्याच दिवसांत चहाची बशी ओली व्हायला लागली होती. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. मग त्यांनी कप अर्धाच भरायला सुरुवात केली, आणि पुढं चहा स्वयंपाकघरातच पिऊ लागले. निवडणूक आली की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. त्या वर्षी मामांनीही केलं. निवडणूक झाली, लोकांनी आपापलं परत आणलं, मामा गेलेच नाहीत. एक दिवस मला अर्ज लिहायला बसवलं. परवाना रद्द करावा, हत्यार परत नको. मी म्हटलं, बत्तीस जड होत असेल तर बावीस घ्या की, तुम्हीच लोकांना सांगता. ते म्हणाले, "बत्तीसला हात पुरत न्हाई. बावीसला बी सा म्हयन्यांनी पुरायचा न्हाई. मग मधल्या सा म्हयन्यांसाठी कशाला?" सही करताना त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट दाबून धरलं होतं.

गुंदला ते घडलं ते सकाळी अकराच्या सुमाराला. दीर दोन गडी घेऊन बागेत सुपारीचे घड उतरवायला आला. अक्का पायरीवर आली, दोन्ही हातांत रिव्हॉल्व्हर. जा म्हणाली. तो हसत पुढं चालत राहिला. तिनं त्याच्या पुढच्या पाटातल्या चिखलावर नेम धरला, नुसता दम द्यायला. वीसेक पावलं अंतर असेल. त्याच वेळी डावीकडून, गोठ्याच्या अंगानं, सासरे मुलाला हाक मारत येत होते. गोळी त्यांना लागली. दांडेलीला नेताना वाटेतच ते गेले.

दिरानं जबाब दिला की म्हातारा बाग आपल्या नावावर करणार होता, म्हणून हिनं त्यालाच नेम धरून मारलं. दोन्ही गडी त्याच्याच बाजूनं बोलले. अक्काला अटक झाली.

आमच्याकडं बातमी आली तेव्हा मामा पडवीत बसले होते. मग म्हणाले, "बाई, बावीसनं तिनं त्या चिखलातलं पान फोडलं असतं. म्हातारा दोन हात लांब हुता." पुढं आठवडाभर ते हेच वाक्य अधूनमधून म्हणत होते, कधी मला, कधी कुणालाच नाही.

अक्काचा वकील त्यांनी स्वतः शोधून काढला. भावानं वकिलाला काही सांगितलं नव्हतं. बावीसची गोष्ट बाहेर आली तर बत्तीस कुणी घेतली तेही बाहेर येणार होतं. मामांनी वकिलाला सांगितलं की तिची बत्तीसची गोळी दर वेळी डावीकडं जाते, दहा पावलांवर हातभर, म्हणजे वीसवर दोन हात. हे आपण डोळ्यांनी बघितलं आहे आणि आपण साक्ष देऊ, असंही म्हणाले.

त्या दिवशी क्लबात मीही होते. साक्षीला माझंही नाव देता आलं असतं. पण माझा खानापूरच्या बाजूला बदलीचा अर्ज होता, त्यात खुनाचा खटला, कोर्टाच्या तारखा. मी विषय काढला नाही. मामांनीही काढला नाही. इतकी वर्षं माणसाच्या हातांकडं बघणाऱ्या त्या माणसानं त्या दिवसांत माझ्याकडं बघायचं टाळलं, एवढं मला कळलं.

साक्षीच्या दिवशी मी त्यांच्याबरोबर कारवारला गेले, नुसती सोबत म्हणून. तोवर कंप इतका वाढला होता की त्यांना बसच्या दांड्याला धरून उभं राहता येत नव्हतं. अणशीचा घाट उतरताना त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून ठेवले होते.

साक्ष त्यांनी फौजेतल्यासारखी दिली. नेमकी, पावलं आणि हात मोजून. डावीकडं का जाते, धक्क्याच्या भीतीनं मनगट आधीच कसं वळतं, डोळे कसे मिटतात, सगळं. मग सरकारी वकील उठले. माणूस सभ्य होता, आवाजही चढवला नाही.

"तुमचेच हात एवढे कापतात. तुम्ही दुसऱ्याच्या हाताची परीक्षा करता?"

"व्हय. म्हणून माझं हत्यार मी सरकारात जमा केलं."

"म्हणजे हात नीट नसेल तर हत्यार बाळगू नये, हे तुम्हाला माहीत होतं. ही बाई बत्तीस घेऊन नेम साधू शकत नाही, हेही माहीत होतं. ती तुमच्याकडं शिकायला आली होती?"

"आली हुती. दोन डाव."

"मग शिकवलं का नाही?"

मला वाटलं, ते रागावल्याचं सांगतील. सगळ्या गावाला तेच माहीत होतं. त्यांनी कठड्यावरचे हात उचलले, आणि ते हात सगळ्यांना दिसले.

"शिकवायचं तर मारून दाखवावं लागतंय. त्या टायमाला माझा हात जायला लागला हुता. मी मारली असती तर माझी बी चुकली असती, आन् तिला कळलं असतं. म्हणून दार लावून घेतलं." थोडं थांबून म्हणाले, "रागावलो असं लोकांस्नी सांगितलं. ते खोटं."

दुभाष्यानं ते न्यायाधीशांना कानडीत सांगितलं. मी मागच्या बाकावर बसले होते. ओली बशी, खिशातली चष्म्याची डबी, बंद दार, हे सगळं मी त्याच घरात राहून रोज बघितलं होतं आणि कधी एकत्र जोडलं नव्हतं.

त्यांच्या साक्षीनं मुद्दाम मारल्याचा आरोप टिकला नाही. निष्काळजीपणाची शिक्षा मात्र झाली, आणि ती तिनं भोगली. आता ती खानापूरकडं एका मावशीकडं असते. गुंदची बाग दीर बघतो. निकाल लागला तेव्हा मामा नव्हते. साक्षीनंतर पाच महिन्यांनी न्युमोनियानं ते गेले. शेवटी शेवटी त्यांना चमच्यानं भरवावं लागायचं. मुलगी वास्कोहून येऊन राहिली होती. माझी बदली झाली होती, तरी मी दोनदा जाऊन आले. घराकडं अजून कुणी कुणी विचारायला येत होतं, कुठलं घ्यावं म्हणून. मामा त्यांच्याकडं बघतसुद्धा नसत.

पण साक्षीच्या दिवसाचं थोडं राहिलं.

कोर्टातून बाहेर आल्यावर व्हरांड्यात अक्का उभी होती. तेव्हा ती जामिनावर होती. भाऊ लांब, जिन्यापाशी फोनवर बोलत होता, आमच्याकडं आला नाही. ती फार वाळली होती. मामांच्या पाया पडायला वाकली तर ते मागं सरले.

"मामा, एक इचारू? खरं सांगा. मी बावीस घेतली असती तर सासरे वाचले असते?"

मी मामांकडं बघितलं. ते काय सांगणार हे मला माहीत होतं. नेमाच्या बाबतीत त्यांनी कुणाच्याही तोंडावर खरं सांगायला मागंपुढं पाहिलं नव्हतं.

"न्हाई अक्का," ते म्हणाले. "म्हातारा आडवा आला. तितं बावीस काय आन् बत्तीस काय. मी मारली असती तरी त्यालाच लागली असती."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. मग "बरं" म्हणाली, पदर सारखा केला आणि भावाकडं गेली.

परतीच्या बसमध्ये मामा खिडकीशी बसले. घाट चढून गाडी कुंभारवाड्याशी येईपर्यंत डोळे मिटून होते. मला वाटलं झोप लागली असेल.

"बाई, तिला पटलं का?"

"पटलं," मी म्हटलं.

"न्हाई पटलं," मामा म्हणाले. "माझ्यासाठी 'बरं' म्हणाली ती."